अर्ध्याचा अर्धा रस्ता

प्रसेनजित इंगळे मलकापूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा आणि कुठेही वेळेवर पोचायचा नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं त्याच्या आईचं, मंजुळाबाईचं, ठाम मत होतं. प्राचार्यांचंही तेच मत होतं, फक्त ते लेखी कळवायचे.

वर्गावर उशिरा गेला की तो आधी फळ्यावर एक लांब रेघ ओढायचा. मग म्हणायचा, "गेलेला क्षण आता नाही. येणारा क्षण अजून नाही. मधला जो 'आत्ता' आहे, त्याला रुंदीच नाही. मग मी उशीर केला, तो नेमका कुठे?" हा प्रश्न आपला नसून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांचा आहे, हे तो नम्रपणे सांगायचा. मुलं लिहून घ्यायची आणि तेवढ्यात तास संपायचा. त्याच्या मनगटाला घड्याळ नव्हतं आणि किती वाजले, असं त्यानं आजवर कुणाला विचारलेलं नव्हतं. विचारायची गरज त्याला नव्हती, ती बाकीच्या जगाला होती.

अशा माणसाला मंजुळाबाईनं मुलगी पाहिली ती नांदुऱ्याची, सारिका तायडे. नोकरी, मलकापूरच्याच लाइनीवरच्या एका लहान स्टेशनात स्टेशनमास्तर. हा योगायोग होता असं मानणारा माणूस मंजुळाबाईला ओळखत नाही.

पाहणीच्या दिवशी मंजुळाबाई आणि काका गुलाबराव गाडीनं पोचले, पोहे खाऊन बसले, आणि मुलगा दुपार कलल्यावर बसनं आला.

"गाडी तं टायमात होती," सारिका म्हणाली. "सकाळच्या ड्यूटीत मीच सोडली तिले. तुमी कोठी राह्यले होते?"

प्रसेनजितनं खरं ते सांगितलं. आई आणि काका डब्यात चढले तेव्हा तो फलाटावर विचार करत होता. झेनो नावाच्या ग्रीकाचं म्हणणं असं, की सुटलेला बाण प्रत्येक क्षणी कुठल्या ना कुठल्या एका जागी असतो. एका जागी असणं म्हणजे उभं असणं. म्हणजे बाण उभाच आहे. मग गाडीही उभीच आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि ते पटेपर्यंत ती उभी असलेली गाडी निघून गेली.

मंजुळाबाईनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. सारिका मात्र हसायला लागली. इतकी हसली की हातातल्या ट्रेमधले कप वाजायला लागले. तिच्या आईनं, अन्नपूर्णाबाईनं, डोळे वटारले तरी ती थांबेना. त्या हसण्यावरच हे लग्न ठरलं.

महिन्याभरानं दोघं नांदुऱ्याच्या एका रसवंतीवर बसले होते, तेव्हा मात्र ती हसली नाही.

"सर," ती म्हणाली. ती त्याला सरच म्हणायची, थोडं चिडवायला आणि थोडं सवय म्हणून. "एक अट हाय माई. माया मोठ्या बहिणीच्या, सुवर्णाताईच्या, लग्नात वरात दिवस मावळेस्तोवर नाचली. लोकं जेवले, निंगून गेले. ताई मान खाली घालून तशीच बसून होती. गजरे सुकले, पावडर वघळली. शेवटी लगन लागलं तं फुलं टाकाले कोणीच नव्हतं. मंडपवाल्यायनं खुर्च्या उचलता उचलता टाकले."

तिनं रसाचा ग्लास बाजूला सारला.

"मी तशी बसणार नाई. पत्रिकेत साडेबारा म्हणजे साडेबारा. नाई आले, तं मी साडी बदलीन आन् ड्यूटीवर जाईन. मंग पुन्हा बोलवू नका."

"आणि घड्याळं वेगवेगळी असली तर?" त्यानं सवयीनं फाटा फोडला.

"कोणाचा मोबाइल नाई, कोणाचं मनगट नाई. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ. आदल्या दिशी मी सोता जाऊन स्टेशनच्या टायमाशी लावीन थे."

हे बाईमाणूस बोलतं तसं करतं, हे त्याला एव्हाना कळलं होतं. आणि ती त्याला फार आवडली होती. इतकी, की ती नसलेला उद्याचा दिवस त्याच्याच्यानं मनात आणवेना. त्यानं शब्द दिला. वेळेच्या बाबतीत दिलेला त्याचा हा पहिला शब्द. मग उरलेला रस बर्फासकट एका घोटात संपवला.

आता अडचण होती गुलाबराव काकांची.

गुलाबराव हा वरातीचा जन्मजात पुढारी. सदऱ्याची वरची बटणं उघडी, दातात रुमाल धरलेला, दोन्ही हात वर. भावकीतली एकही वरात त्यानं सूर्यास्ताच्या आत पोचू दिली नव्हती, आणि याचा त्याला अभिमान होता. हळदीच्या संध्याकाळी प्रसेनजित त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"काका, उद्या साडेबाराच्या आत पोचायचं हाय."

"काऊन बे? मुहूर्त हाय काय?" काका म्हणाला. "आपण मुहूर्त सोडला ना? पंचांग नाई, गुरुजी नाई. मंग साडेबारा काय आन् साडेतीन काय? सारेच टाइम चांगले."

"मुहूर्त सोडला, काका. वेळ नाही सोडली."

काकाला यातला फरक दिसेना. तेव्हा प्रसेनजितनं आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. तो शिकवायला लागला.

"हे पाहा. आपलं वऱ्हाड उतरणार ती जानोशाची शाळा इथं, हॉल तिथं. वरात निघाली. आधी अर्धा रस्ता जावं लागेल का नाही?"

"हाव."

"मग उरल्याचा अर्धा. मग त्याच्या अर्ध्याचा अर्धा. दरवेळी थोडं उरतंच. झेनो म्हणतो, असं करत गेलं तर माणूस कधीच पोचत नाही. तुमची वरात तशी हाय, काका. म्हणून सांगतो, मधे थांबू नका."

काकानं आंबाडीच्या भाजीचा घास हातातच धरला. चेहऱ्यावर असा उजेड पडला, जसा वर्गात प्रसेनजितनं एकाही मुलाच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"आन् हे शास्त्रात हाय?"

"तत्त्वज्ञानात हाय."

"आन् सरकार तुले याचा पगार देते?" काका हरखून गेला. "सांग बे, आखीन सांग!"

विद्यार्थी इतका उत्सुक म्हटल्यावर मास्तरला कुठलं राहवतंय. प्रसेनजितनं त्याला दुसऱ्या एका ग्रीकाचंही सांगितलं, ज्याच्या मते वेळ म्हणजे हालचालीची मोजदाद, आणि काहीच हाललं नाही तर वेळ गेला असं म्हणता येत नाही. काकानं तेही गिळलं, भाजीसकट.

दुसऱ्या दिवशी मलकापूरची मंडळी बसनं वेळेवर नांदुऱ्यात उतरली. उन्हाळ्याचं ऊन डांबराला चटके देत होतं. प्रसेनजितच्या अंगात पांढरी शेरवानी, डोक्याला निळा फेटा, पायात नवी मोजडी. शेरवानीला खिसा नव्हता, म्हणून मोबाइल आईच्या पर्समध्ये. विहारात वंदना झाली, चंद्रशेखर नावाच्या घोडेवाल्यानं त्याला उचलून घोडीवर बसवलं, आणि पिकअपवरच्या भोंग्यांनी समोरच्या दुकानाचे पत्रे थरथरवले.

सुरुवात झकास झाली. रस्ता सरळ होता आणि घोडीवरून हॉलची कमान साफ दिसत होती. तीच पुढे त्याच्या जिवाला त्रास देणार होती.

पाण्याच्या टाकीपाशी काकानं हात वर केला. गाडी थांबली. "अर्धा झाला!" तो ओरडला आणि नाचायला लागला.

चार गाणी झाली. प्रसेनजित घोडीवरून ओरडून थकला. वरात निघाली आणि कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी पुन्हा थांबली.

"अर्ध्याचा अर्धा!" काका म्हणाला. आता सगळी वरात त्याच्याबरोबर ओरडत होती. सकाळी येतायेता त्यानं भावकीला ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं होतं. कॉलेजात प्रसेनजितला जे सहा वर्षांत जमलं नाही, ते त्यानं एका बसमध्ये जमवलं.

झेनोला उत्तर देणारे म्हणतात, की अंतर लहान होत गेलं तर ते कापायला वेळही कमी कमी लागतो, म्हणून माणूस पोचतो. प्रसेनजित हे दरवर्षी फळ्यावर लिहायचा. पण झेनोच्या विरोधकांनी वऱ्हाडातली वरात पाहिलेली नव्हती. इथे अंतर जितकं कमी होई तितका वेळ जास्त लागत होता. पंक्चरच्या दुकानापाशी वरात थांबली, तेव्हा गुडघे धरून जिने चढणारी मंजुळाबाई रिंगणाच्या मध्यभागी पोचली होती आणि विहिणीकडच्या एका पाहुणीला ओढून नाचवत होती.

"आई!" प्रसेनजित ओरडला. "तुझे गुडघे!"

"आज नाई दुखून राह्यले!" मंजुळाबाई म्हणाली.

"नवरदेव," चंद्रशेखर खालून म्हणाला, "मले तीन वाजता दुसरी वरात हाय. बारा तं कवाच वाजून गेले."

प्रसेनजितच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं काकाला जवळ बोलावलं. काका घामानं निथळत, रुमाल दातातून काढत आला.

"काका, पाया पडतो. ती जाईल निघून. खरंच जाईल."

"कशी जाईन?" काकानं त्याच्या मांडीवर प्रेमानं थाप मारली. "वेळ म्हणजे हालचालीची मोजदाद. वरात हालून राह्यली काय? नाई ना? मंग वेळ गेला कसा? तूच सांगतलं बे!"

प्रसेनजितनं कमानीकडे पाहिलं. स्वतःचंच वाक्य असं समोर येऊन नाचायला लागलं की माणसानं करायचं काय? आयुष्यभर त्यानं याच वाक्यांच्या आडोशाला बसून लोकांना ताटकळत ठेवलं होतं. प्राचार्यांना, मुलांना, स्टेशनावर वाट पाहणाऱ्या आईला. प्रत्येक वेळी बोलण्यात तो जिंकला होता आणि समोरचा माणूस बसून राहिला होता. आता कमानीच्या पलीकडे सारिका बसली असेल. तिच्या डोक्यातले गजरे अजून ताजे असतील. त्याला एकाएकी स्वतःची लाज वाटली, आणि भीती तर त्याहून जास्त.

झेनोच्या त्या कोड्याला आणखी एक उत्तर आहे. एका फाटक्या ग्रीकानं ते ऐकून घेतलं, तोंडातून अक्षर काढलं नाही, नुसता उठला आणि चालायला लागला. परीक्षेत कुणी हे उत्तर लिहिलं तर प्रसेनजित अर्धे गुण कापायचा. हे उत्तर नव्हे, विषय टाळणं आहे, असा शेरा मारायचा.

त्यानं रिकिबीतून पाय काढला आणि खाली उडी मारली.

भोंगे बंद पडले. सगळी वरात जागच्या जागी थिजली. घोडीवर बसलेला नवरदेव मांडवाच्या दाराशिवाय उतरत नाही. मधेच उतरला, तर त्याचा अर्थ एकच.

"रुसला!" कुणीतरी किंचाळलं. "नवरदेव रुसला!"

"काय पाह्यजे बे तुले?" काका धावत आला. "फटफटी? आं? लगनाच्या दिशी अशी इज्जत घेते काय मायी?"

"अंगठीसाठी असंन," एक आत्या म्हणाली. "म्या तवाच म्हटलं होतं, अंगठी बारीक हाय."

मंजुळाबाईनं गर्दीतून वाट काढली आणि त्याचा कान धरला. "काही मागशीन तं पाय! शिकलेला ना तू?"

"मले काही नको, आई!" प्रसेनजित ओरडला. "मले फक्त चालायचं हाय!"

आणि तो चालायला लागला. लोकांनी रस्ता दिला, कारण रुसलेल्या माणसाला अडवलं तर तो जास्त रुसतो. थोडं पुढे गेल्यावर मोजडी चावायला लागली, तेव्हा त्यानं ती हातात घेतली. डांबर भाजायला लागलं, तेव्हा तो पळायला लागला. फेटा सुटून डोळ्यांवर आला, तो त्यानं काखेत मारला. मागे काकानं थोडा वेळ कपाळाला हात लावला असेल, पण तेवढ्यात पिकअपवाल्यानं नेमकं काकाच्या आवडीचं गाणं लावलं, आणि बाकी सारं जग त्याच्यासाठी संपलं.

चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा बशी तोंडाशी धरून उभा राहिला. "काहो, लग्नातून पळून राह्यले काय?"

"लग्नाले पळून राह्यलो!" प्रसेनजित धापा टाकत म्हणाला.

अर्धा रस्ता, त्याच्या अर्ध्याचा अर्धा, हे सगळे टप्पे आताही वाटेत होतेच. पण पळणाऱ्याला ते एकही दिसले नाहीत. दिसत होती ती फक्त कमान, आणि ती जवळ येत होती.

तो हॉलमध्ये शिरला तेव्हा सगळ्या माना वळल्या. अनवाणी, घामानं भिजलेला, काखेत फेटा, मागे ना वरात ना काका. त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही. त्यानं भिंतीवर पाहिलं. मोठा काटा खाली सहावर होता, लहान काटा बारा आणि एकच्या मधे.

साडेबारा. बरोबर साडेबारा. एक रेघ इकडे ना तिकडे.

त्याला रडू कोसळायचंच बाकी होतं. व्यासपीठाच्या बाजूच्या जिन्यावरून सारिका उतरत होती, पांढऱ्या साडीत, गजरे ताजे. ती त्याच्या पायांकडे पाहत होती.

"मोजडी घाला, सर," ती म्हणाली. "फोटो काढून राह्यले."

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झालं. दोघांनी एकमेकांना वचनं दिली, हार घातले, आणि हॉल भरून बसलेल्या पाहुण्यांनी फुलं टाकली. सुवर्णाताई पहिल्या रांगेत उभी होती. तिनं मूठमूठ फुलं टाकली, संपल्यावर शेजारणीच्या हातातली घेऊन टाकली, आणि मग तोंडाला पदर लावून खाली बसली.

वरात आली ती पंगत बसल्यावर. पुढे काका दातात रुमाल धरून, मागे मंडळी, आणि सगळ्यांत मागे रिकामी घोडी. चंद्रशेखर तिचा लगाम धरून तीनच्या वरातीची काळजी करत होता.

"आमच्याबिगर लगन लावलं?" काका दारातच ओरडला.

"काका," प्रसेनजित बुंदीचा घास घेत म्हणाला, "वरात हालत नव्हती ना? मग वेळ गेलाच नाही. तुम्हाला उशीर झालाच नाही. बसा, जेवा."

काकानं यावर खूप विचार केला. मग तो बसला आणि वांग्याची भाजी मागवली.

प्रसेनजित खुशीत होता. शब्द पाळण्याचा आनंद त्यानं आजवर चाखला नव्हता, आणि तो बुंदीपेक्षा गोड निघाला. तो आनंद पुन्हा एकदा डोळे भरून पाहावा म्हणून त्यानं भिंतीकडे मान वळवली.

घड्याळात साडेबारा वाजले होते.

त्यानं डोळे चोळले. लग्न लागलं, फोटो झाले, पंगत बसली, वरात आली. आणि साडेबारा. क्षणभर त्याला वाटलं, ग्रीकांचंच खरं, सगळं जागच्या जागी आहे आणि पुढे सरकतो तो नुसता भास.

"तिकडे काय पाह्यता?" वाढायला आलेल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सेल काढेल हाय त्याचा. नवरीच्या साडीत खुर्चीवर चढली पोट्टी. पाहुण्यायले मीच डोये दाखवले, म्हटलं कोणी मोबाइल काढू नका आता."

प्रसेनजितचा घास हातातच राहिला. शेजारी सारिका खाली मान घालून पोळी मोडत होती.

"म्हणजे मी उशिरा आलो?"

"आले."

"मग तू गेली का नाहीस?"

"बॅग भरून ठेवेल होती," ती म्हणाली. "साडी बदलाले उठलीच होती. वरच्या खिडकीतून तुमी दिसले. जोडे हातात, फेटा काखेत, एकटेच पळत येऊन राह्यले. काटा साडेबारावर आलता. खाली गेली, सेल काढला आन् पुन्हा वर गेली." तिनं पोळीचा आणखी एक तुकडा मोडला. "पळत नसते दिसले, तं नसता काढला."

ती, जी रोज घड्याळ पाहून गाड्या सोडते, जिनं स्वतः हे घड्याळ स्टेशनच्या वेळेशी लावलं होतं. प्रसेनजितला काही तरी मोठं बोलायचं होतं. ग्रीकांत शोधलं, सापडलं नाही.

सारिकानं रुमालाची गाठ सोडून सेल त्याच्या तळहातावर ठेवला. "हे एकदाच हाय, सर. लावा परत."

तो हात धुऊन खुर्चीवर चढला. सेल बसवला. घड्याळ टिकटिकायला लागलं. काटे पुढे सरकवायला त्यानं बोट लावलं आणि थांबला, कारण कुठवर सरकवायचे ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं खाली पाहिलं.

"सारिका," तो म्हणाला, "किती वाजले?"

तिनं सांगितलं, आणि त्यानं काटे तिथे नेऊन ठेवले.